झ्वानेने भरलेलं पाणी

माझी भावजय फुमा स्वतःच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावात कधी घोट्यापलीकडे उतरली नाही. तिला पोहता येत नाही. आमच्या वयाच्या कुणालाच येत नाही. समुद्र गाडीने अर्ध्या तासावर, पण आम्ही त्याला डोंगरावरून बघतच म्हाताऱ्या झालो. तरी पाहुण्यांना ती खुशाल सांगायची, "पाणी छान आहे, उतरा." छान आहे ते हिला काय ठाऊक, असं माझ्या ओठावर यायचं. पण पाहुणे तिचे, मी गप्प बसायचे.

तलाव माझ्या भावाने बांधला. झ्वाने त्याचं नाव. माझ्याहून धाकटा आणि माझ्याहून हट्टी. आमच्यात पोहता येणारा तेवढा एकच, तेही नौदलात सक्तीची नोकरी केली म्हणून. त्या काळात ब्रेगी गावात ज्याच्या त्याच्या अंगणात तलाव व्हायला लागले होते. उन्हाळ्यात भाड्याने राहायला जर्मन, ऑस्ट्रियन पाहुणे यायचे, आमची दगडी घरं बघून हरखायचे आणि सामान खाली ठेवायच्या आधी विचारायचे, तलाव आहे ना? इस्त्रियातला आमचा डोंगर सगळा चुनखडीचा. पाऊस पडला की खडक गिळून टाकतो, वर थेंब राहत नाही. छपरावरचं पाणी टाक्यात उतरवून वर्षभर पुरवायचं, असंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जगलो. आणि आता तेच लोक अंगणात पाणी उघडं पसरून ठेवायला लागले. आमची आई असती तर तिने झ्वानेचे कान उपटले असते.

आईच्या हाताखाली फुमा आणि मी, दोघीही एकच गोष्ट शिकलो. तोंड धुतलेलं पाणी पायांना, पाय धुतलेलं फरशीला, फरशीचं झाडाला. गल्लीत बादली ओतणारी पोरगी म्हणजे वाया गेलेली पोरगी. एखाद्या घरचं जमत आलेलं लग्न मोडायला एवढी एक चहाडी पुरायची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

तलाव बांधून झाला तेव्हा झ्वाने तो नळाच्या पाण्याने भरायला तयार होईना. "नळाचं पाणी कुणाचंही असतं," म्हणाला. त्या हिवाळ्यात पावसाने पाठ सोडली नव्हती, टाकं काठोकाठ होतं. जुना पंप लावून त्याने टाक्यातलं पाणी तलावात सोडलं. पुन्हा पाऊस आला, टाकं भरलं, पुन्हा सोडलं. असं करता करता तलाव भरायला वसंत ऋतू उजाडला. मग जो भेटेल त्याला काठावर नेऊन उभं करायचा आणि सांगायचा, "हे आपल्या छपरावरचं पाणी आहे." टपालवालीलासुद्धा त्याने सोडलं नाही.

भरलं खरं, पण राखायचं कसं हे त्याला कुठे माहीत होतं. पहिल्यांदा त्याने पातळ क्लोरीनचे कॅन आणले. त्या क्लोरीनने दोन विजारींना पांढरे डाग पडले, आणि कॅन उन्हात राहिले तर त्यातला जोर उडून गेला. पाणी हिरवं दिसायला लागलं. आता आमच्याकडे वेलीवर बुरशी आली की मोरचूद, भिंतीवर शेवाळ आलं की मोरचूद. द्राक्षं लावणाऱ्या घरात त्याचं पोतं असतंच. झ्वानेने तेच तलावात टाकलं. पाणी दोन दिवसांत निळंशार झालं. आणि म्युनिकहून आलेल्या बाईचे सोनेरी केस कोवळ्या वाटाण्याच्या रंगाचे झाले.

बाई आरशापुढे उभी राहून रडत होती. झ्वाने धावत स्वयंपाकघरात गेला आणि टोमॅटोच्या सॉसची मोठी बाटली घेऊन आला, कुणीतरी त्याला हा उपाय सांगितला होता. फुमाने त्या बाईला अंगणात स्टुलावर बसवलं आणि डोक्यावर सॉस चोळला. रंग बराचसा गेला. बाई हसली, मग फुमा हसायला लागली, ती इतकी की तिला बाकावर टेकावं लागलं. पोटाशी हात धरून हसत होती. फुमा म्हटलं की आजही माझ्यापुढे आधी तीच येते.

त्यानंतर झ्वानेला गोळ्या सापडल्या. तळहातात मावतील अशा जाड पांढऱ्या गोळ्या, तरंगत्या डब्यात ठेवल्या की सावकाश विरघळणाऱ्या. त्यात उन्हापासून क्लोरीन राखणारं काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळे भर उन्हातही जोर टिकतो. कॅन उचलायला नकोत, विजारी जळायला नकोत. झ्वाने खूश. एखादी वस्तू आवडली की जन्माची भरून ठेवायची ही त्याची खोड, त्यामुळे शेडमध्ये गोळ्यांच्या बादल्यांची उतरंड लागली. फुमा ओरडली तर म्हणाला, "माझ्यामागेही पुरतील." बोलायचं म्हणून बोलला.

त्यानंतरच्या हिवाळ्याच्या शेवटी तो ऑलिव्ह छाटायला गेला आणि जेवायला आला नाही. मी हाक मारायला गेले. झाडाला पाठ टेकून बसला होता, करवत शेजारी. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

मी गाव गोळा होईल असं रडले. फुमा रडली नाही. तिने माणसं मोजून खुर्च्या मांडल्या, कॉफी केली, प्रशुट, म्हणजे आमचं खारवून वाळवलेलं मांस, कापून ताट फिरवलं. मी हंबरडा फोडला की माझ्यासाठी पाणी घेऊन यायची. कबरीवर माती टाकून झाली तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वारा सुटलाय. तलावावरचं आच्छादन उडालं नसेल ना?" माझं डोकंच फिरलं. माझा भाऊ मातीत गेला आणि हिला आच्छादनाची पडली आहे. बायका म्हणाल्या, थांब, उशिराने रडेल, असं होतं कधीकधी. मी थांबले. उन्हाळा आला, गेला. दुसरा आला.

ती दुःखात आहे असंही वाटायचं नाही. ती नुसती असायची. पुढ्यात ठेवलं तर खायची, नाही ठेवलं तर आठवण करायची नाही. बोरा वाऱ्याने आमच्या खिडक्या थडथडायच्या आणि ही पातळ ब्लाउजवर अंगणात. "थंडी नाही वाजत?" विचारलं तर म्हणायची, "कळत नाही." एकदा चुलीवरचं कॉफीचं भांडं तिने उघड्या हाताने उचललं, आणि माझ्या कपात ओतेपर्यंत धरून ठेवलं.

"फुमा, हात भाजला तुझा."

तिने तळहात उलटा करून बघितला. "हो का," म्हणाली आणि माझ्यापुढे साखर सरकवली.

मला तिची काळजी वाटायची, पण त्याहून जास्त राग यायचा. खरं तेच सांगते.

काम ती एकच मनापासून करायची. मनापासून म्हणजे तरी काय, चुकवायची नाही एवढंच. सकाळी उठून जाळीने पानं काढायची, कागदी पट्टी पाण्यात बुडवून रंग बघायची, झ्वानेच्या बादलीतून एक गोळी काढून डब्यात टाकायची. उन्हाने पाणी खाली गेलं की टाक्यातून वर भर घालायची. गावातले बाकीचे लोक हिवाळ्यात तलावातलं थोडंबहुत पाणी सोडून द्यायला शिकले होते, शेजाऱ्याची नजर चुकवून का होईना. फुमाने थेंब सोडला नाही. झ्वानेनेही सोडला नव्हता.

झ्वानेनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी बिघडलं. आधी पास्ता उकडलेल्या पाण्यासारखं गढूळ झालं. मग पायऱ्या बुळबुळीत लागायला लागल्या. फुमा पट्टी बुडवायची, पट्टी गडद जांभळी व्हायची.

"क्लोरीन भरपूर आहे. हे बघ," ती म्हणायची.

"पट्टी दिसतेय मला. पाणीपण दिसतंय."

"पट्टी खोटं बोलेल का?"

समोरचा म्हातारा बेपी कुंपणावरून म्हणाला, "मोरचूद टाक गं. झ्वाने टाकायचा."

"आणि हिरव्या केसांना सॉस तू चोळणार का?" मी विचारलं.

"चोळीन की. बाई बघून चोळीन."

फुमाने ऐकलंच नसावं. तिने गोळ्या वाढवल्या. तेव्हा साल्झबुर्गचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांच्या मुलाचा कान दुखायला लागला, रात्री तापला. डॉक्टरने विचारलं, कुठे पोहतो हा? ते भले लोक, काही बोलले नाहीत, दिवस शिल्लक असताना सामान बांधून निघून गेले. फुमाने चादरी धुवायला टाकल्या.

"तुला काहीच नाही वाटत?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "वाटायला हवं होतं," म्हणाली.

त्याच आठवड्यात डेनिसचा फोन आला. डेनिस तिचा मुलगा, आयर्लंडमध्ये असतो, आमची निम्मी पोरं तिकडेच आहेत. बापाच्या अंत्यविधीनंतर तो आलाच नव्हता. आता शनिवारी येतो म्हणाला, आठवडाभरासाठी, त्याच्या मुलीला, छोट्या तेयाला घेऊन. मग तेयाच आजीशी बोलायला लागली.

"नोना, मला पोहता येतं आता. मी तुझ्या तलावात उडी मारणार."

"मार," फुमा म्हणाली.

डेनिसने फोन परत घेतला. "तिच्या कानांचं दुखणं आत्ताच बरं झालंय, आई. वर्षभर हैराण होतो आम्ही. पाणी स्वच्छ असलं तर पोहू दे, म्हणालेत डॉक्टर. आपलं स्वच्छ असतंच."

"असतं," फुमा म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिला हाताला धरून गाडीत बसवलं. मुरंब्याच्या बरणीत तलावाचं पाणी घेतलं आणि शहरात लिव्हिओच्या दुकानात गेलो. तलावाचं सामान विकणारं तेवढं एकच दुकान, झ्वानेने गोळ्या तिथूनच आणलेल्या. लिव्हिओने पाण्यात कसलंसं औषध मिसळलं आणि ते एका उभ्या नळीत ओतायला लागला. नळीच्या तळाला काळा ठिपका होता. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. त्याने जेमतेम तळ झाकेल एवढं ओतलं, तेवढ्यातच ठिपका दिसेनासा झाला.

"मावशी, हे पाणी कधी बदललंत?"

"बदललं नाही," फुमा म्हणाली.

"थोडंही सोडत नव्हतात? हिवाळ्यात वगैरे?"

"आमच्या घरात पाणी सोडत नाहीत," मी म्हणाले. तोऱ्यातच म्हणाले.

लिव्हिओने नळी खाली ठेवली. "तरीच. गोळीत उन्हापासून राखणारं द्रव्य असतं ना, ते कुठे जात नाही, मावशी. पाणी वाफ होऊन जातं, क्लोरीन खर्च होतो, हे तसंच राहतं. प्रत्येक गोळीबरोबर आणखी वाढतं. थोडं असलं तर क्लोरीनला सावली देतं. फार झालं की त्याला असं धरून बसतं की तो झोपूनच राहतो. पट्टीवर दिसतो, पण काम करत नाही. जंतू त्याच्या उशाशी नाचले तरी त्याला पत्ता नाही."

"मग जास्त टाकते," फुमा म्हणाली.

"जास्त टाकाल तेही झोपेल."

"दुसरं काही औषध?"

"नवीन पाणी. जुनं सगळं सोडून द्या. आणि पुढे गोळ्या नकोत, पातळ क्लोरीन वापरा. विजारी सांभाळा म्हणजे झालं."

येताना मी गाडीची काच खाली केली.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली.

"फुमा, पोरीचे कान आहेत."

"क्लोरीनची पावडर टाकून बघते."

"लिव्हिओ काय म्हणाला, ऐकलंस ना?"

"ऐकलं." मग म्हणाली, "ते झ्वानेने भरलंय."

तो गेल्यापासून त्याचं नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याची बहीण. मला गलबलून यायला हवं होतं. मी म्हणाले, "झ्वाने कबरीत आहे, तलावात नाही." बोलले आणि जीभ चावली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात. "काच वर कर, धूळ येतेय."

शुक्रवारी तिने पावडर टाकली. शेडमध्ये पावडरीचं माप वेगळं आणि गोळ्यांच्या चिमट्याला लाल रंग, दोन्ही एकमेकांना लागले तर भडका उडतो म्हणून झ्वानेने करून ठेवलं होतं. तिने तेही नीट पाळलं. शनिवारी सकाळी पाणी किंचित उजळल्यासारखं दिसलं. पायरीवरून मी बोट फिरवलं तर बोटाला बुळबुळ लागली. मी ते बोट तिच्यापुढे धरलं. तिने बघितलं आणि पाहुण्यांसाठी टॉवेल मांडायला लागली.

दुपारी डेनिस आला. बापासारखाच वाकून चालायला लागला आहे. तेया गाडीतून उतरली ती पोहायचा पोशाख घालूनच, वाटेतच बदलला होता म्हणे. सुपाएवढे कान, थेट आमच्या घरचे. फुमाने तिच्या गालाला गाल लावला, डेनिसच्याही लावला, आणि प्रवास कसा झाला विचारलं. कुणा बँकेतल्या बाईने विचारावं तसं.

"पाणी बरं दिसतंय, आई," डेनिस म्हणाला.

"पट्टीवर क्लोरीन आहे," फुमा म्हणाली.

मी तोंड उघडलं. ठरवलंच होतं, ती नाही बोलली तर मी बोलायचं, मग काय व्हायचं ते होवो. पण तेया तोवर काठावर पोचली होती. तिने दोन्ही पाय जुळवले, एका हाताने नाक चिमटीत धरलं आणि कोपर बाहेर काढलं. झ्वाने असाच उडी मारायचा. नौदलात शिकूनही नाक धरल्याशिवाय त्याला उडी मारता यायची नाही, आम्ही त्याची टर उडवायचो. पोरीला ते कुणी दाखवलेलं नव्हतं. तिने आजोबांना पाण्यात कधी पाहिलंच नाही.

फुमाने मागून तिच्या पोशाखाचा पट्टा धरला. पोर पुढे झुकलेली तशीच लटकली.

"नाही," फुमा म्हणाली.

"का, नोना?"

"पाणी खराब आहे." मग पट्टा न सोडताच मला म्हणाली, "टोनिना, शेडमधला पंप आण."

डेनिसला काही कळेना. "आई, आठवडाभरासाठी तर आलोय. भरणार कधी हे?"

"अग्निशमनवाल्यांचा टँकर सांगते. तोवर तिला समुद्रावर ने."

पाईप तिने ऑलिव्हच्या झाडांना वळसा घालून गल्लीत सोडला. क्लोरीनचं पाणी, झाडांना चालणार नव्हतं. भर उन्हाळ्यात, आमच्या घरासमोरून, गल्लीतून पाणी वाहायला लागलं. दगडांवरून खाली, चर्चच्या भिंतीला लागून, ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे. दारं उघडली. बायका उंबऱ्यावर आल्या. माझ्या उभ्या जन्मात या गल्लीत एवढं पाणी कुणी सोडलं नव्हतं. बेपी सवयीने बादली घेऊन धावत आला, पाण्याचा वास घेतला आणि बादली पालथी ठेवली. नंतर का कोण जाणे, टोपी काढून हातात धरली आणि पाणी वाहत होतं तोवर तसाच उभा राहिला.

ऊन उतरलं तेव्हा खोल बाजूला तेवढं थोडं पाणी राहिलं होतं. पंपाला ते ओढता येईना. तळाला पांढरट साय बसली होती. फुमाने ब्रश घेतला, चपला काठावर काढल्या आणि शिडीने खाली उतरली. जिथे तिच्या डोक्यावर पाणी असायचं तिथे ती अनवाणी उभी राहिली. तेया पायरीवर बसून बघत होती, तिला खाली उतरू दिलं नव्हतं. मी काठावर शेंगा सोलत बसले. बराच वेळ ब्रशचा आवाज येत होता. मग थांबला.

"टोनिना."

"काय गं?"

"पाय गार पडले माझे."

मी खाली बघितलं. घोटाभर पाण्यात उभी होती, ब्रशच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून, आणि स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"फार गार पडलेत," ती म्हणाली.

मी शेंगा तशाच टाकल्या आणि आत गेले. दाराजवळच्या खणात झ्वानेचे लोकरीचे मोजे होते, अजून तिथेच होते. ते हातात घेतले आणि मागून फुमाच्या रडण्याचा आवाज आला. रिकाम्या तलावात आवाज घुमतो. अंगणात आला, गल्लीत गेला, बेपीच्या दारापर्यंत गेला, आणि चर्चपाशी उभ्या असलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. मी मोजे घेऊन उंबऱ्यातच थांबले. पाय गारठले होते तिचे, तरी मी घाई केली नाही.